आरोग्यदूतांच्या हातातली सुई

मागच्या रविवारी भोंगवलीला गेलो, तर वहिनीच्या फाइलमध्ये नवीन तपासणी दिसली : जीबीएस. हा जंतू धडधाकट बाईच्या अंगातही गुपचूप राहतो; बाळंतपणात बाळाला लागला, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत १९९६ साली ठरलं, की असा धोका असेल तर कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून पेनिसिलिन द्यायचं.

पण तेव्हा गडचिरोलीत बाळंतपणं बहुतेक घरीच. सलाइन लावणार कोण? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत तिथल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. जंतू कोणता, हे बघायला लॅब नव्हती. बाळ दूध ओढेना, रडणं मंदावलं, अंग गार पडलं, की ओळखायचं आणि घरातच जेंटामायसिन टोचायचं. डॉक्टर नसलेल्या बाईनं! आधी हजारात ६२ नवजात बाळं दगावायची. १९९८ पर्यंत आकडा पंचविसाच्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं.

२०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ हेच.

वहिनीचा रिपोर्ट सोमवारी येईल. आईला मी खुणा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मोबाईलवर नको, भिंतीवर लिहून ठेव."