रिचर्ड नावाचे दोन साहेब

शब्दकोडी सोडविण्याचा छंद असलेल्या श्रोत्यांसमोर एक सूत्र ठेवतो: 'नागपूरचा कारभार पाहिलेला इंग्रज अधिकारी, अक्षरे तीन.' 'रिचर्ड' लिहिले की घरे भरतात. परंतु कोणता रिचर्ड?

पहिला रिचर्ड जेंकिन्स. १८०७ मध्ये भोसल्यांच्या दरबारी तो रेसिडेंटचे काम पाहू लागला, तेव्हा त्याचे वय होते २२. मे १८१६ चा तैनाती फौजेचा तह त्याच्याच कारकिर्दीतला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेबांची गादी गेली, आणि १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन दौहित्र बाजीबा दत्तक म्हणून गादीवर आला. गादीबरोबर त्याला नावही मिळाले, रघूजी! भोसल्यांत तीन रघूजी झाले. त्यांतल्या तिसऱ्याचे नाव असे राज्यारोहणाबरोबर आलेले. मुलाचा सांभाळ बाकाबाईंकडे. कारभार मात्र १८२६ पर्यंत जेंकिन्सच्या हाती. त्याने लिहिलेला १८२७ चा नागपूर राज्याचा अहवाल चाळल्यावाचून या मुलखाचा इतिहास आजही लिहिता येत नाही. राज्य हाती घेणाऱ्यानेच त्याचे वर्णन करून ठेवावे, हे आपल्याला रुचो वा न रुचो. डिसेंबर १८५३ मध्ये ११ तारखेला तिसरे रघूजी वारले आणि ३० तारखेला तिकडे इंग्लंडात जेंकिन्स. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले.

दुसरा रिचर्ड टेम्पल, १८६२ ते १८६७ या काळातला मध्यप्रांताचा चीफ कमिशनर. याला राजा सांभाळायचा नव्हता. राजाच उरला नव्हता. याच्या अमदानीत जी जमाबंदी चालली, तीत गावचा वसूल गोळा करणारे पाटील मालगुजार, म्हणजे गावचे मालक, ठरले. कुणबी राबत होता तिथेच राबत राहिला. पण जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बदलले. मालकीचा हा हक्क मोडायला १९५० चा कायदा यावा लागला. माझ्या मते जेंकिन्सच्या तहापेक्षा हे काम आपल्या घराघरात अधिक खोल शिरले. शाळेच्या पुस्तकात मात्र सीताबर्डीची लढाई असते.

टेम्पलच्या मुलाचे नावही रिचर्डच. पंजाबातील दंतकथा जमविणारा तो हा मुलगा. ग्रंथालयांच्या सूचीत बापलेकांची पुस्तके एकमेकांच्या खाती पडली, तर नवल नाही.

आपल्या हिंगणा तालुक्याशी संबंध आहे तो थोरल्या टेम्पलचा. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहण्यास तो सप्टेंबर १८६३ मध्ये आला होता. बरोबर स्टीफन हिस्लॉप होता. हा इंग्रज नव्हे, स्कॉटलंडचा मिशनरी, आणि दगडांचा मोठा जाणकार. परतीच्या वाटेवर पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. वन्य जमातींविषयीची त्याची टिपणे टेम्पलने १८६६ मध्ये छापली. संपादक म्हणून नाव रिचर्ड टेम्पलचे. मजकूर त्या बुडालेल्या माणसाचा.