सारांश कुणाचा? ग्रँट डफ, कीर्तने आणि राजवाडे

दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं हे अवतरण देण्यापेक्षा अवघड काम आहे. प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना वाटतं, शब्द बदलले, खाली तळटीप दिली, की सुटलो! पुण्यात या प्रश्नावर दीडशे वर्षांपूर्वी चांगला वाद झालेला आहे.

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. जमवलेल्या मराठी कागदांवरून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. १८२६ साली तो लंडनला तीन खंडांत निघाला. मेहनत मोठी, यात शंका नाही. पुढे कॅपनने त्याचं भाषांतर केलं आणि ते आपल्याकडे 'बखर' म्हणून वाचलं जाऊ लागलं. म्हणजे बघा, मराठी कागद, त्यांचा इंग्रजी सारांश, आणि त्या सारांशाचं पुन्हा मराठी! मूळ कागदात काय होतं, हे वाचणाऱ्याने ताडून कसं बघायचं? तळटीप आहे, पण कित्येकदा ती नुसती 'मराठी हस्तलिखितं' एवढीच.

१८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात डफवर टीका करणारा निबंध वाचला. साधनांपर्यंत पोचता येत नसेल तर इतिहासकाराच्या शब्दावर किती विसंबायचं, हा प्रश्न तिथून पेटला. सह्याद्रीतलं वाळकं गवत पेटावं तशी मराठी सत्ता पसरली, ही डफची प्रसिद्ध उपमा. उपमा त्याची स्वतःची. पण सारांशाच्या ओघात आली की ती पुराव्याचं वजन घेते. रानड्यांना १९०० सालच्या आपल्या पुस्तकात तिचा प्रतिवाद करावा लागला.

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा उलटी वाट धरली. पत्रं छापायची, आणि आपलं म्हणणं प्रस्तावनेत, वेगळं. याचं मोल पत्र वाचताना कळतं. पेशवेकालीन पत्रात 'छ' लिहून चंद्राची तारीख आणि अरबी महिना असतो, साल अनेकदा नसतंच. ते काढणं हा संपादकाचा तर्क. शिवाय पत्र लिहिणारा सावध असतो, 'असं वर्तमान ऐकतो' म्हणतो. सारांश करणारा नेमकं ते 'ऐकतो' गाळतो, आणि अफवेची घटना होते. एकही वाक्य चोरलेलं नाही, सॉफ्टवेअरला काही सापडणार नाही, तळटीपही बरोबर. तरी मूळ माणसाच्या तोंडी त्याने न केलेलं विधान गेलं.

आमच्या दर्शनशास्त्रात पूर्वपक्ष असतो. प्रतिपक्षाचं मत आधी मांडायचं, तेही त्याने 'हो, हेच माझं' म्हणावं असं, आणि मग खंडन. (सगळे आचार्य हे पाळत असं नाही, पण अपेक्षा ती.) म्हणून मी मुलांना सांगत असे की पुस्तक मिटा, लिहा, मग पुन्हा उघडून ताडून बघा. शब्द वेगळे झाले का हे नंतर. आधी 'कदाचित', 'बहुधा', 'ऐकिवात' जागेवर आहेत का ते पाहा, आणि त्याचं कुठे संपलं, तुमचं कुठे सुरू झालं, ते वाक्यातच दिसू द्या.

राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. एकदा तिथे जाऊन मोडीतलं एखादं पत्र लावून बघा. नवख्या माणसाची पहिल्या दोन ओळींतच सकाळ जाते.