अपग्रेड टाळा, अपडेट नव्हे : विंडोजची आवृत्ती रोखून धरण्याचे मार्ग

विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाकडे मायक्रोसॉफ्टकडून दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच वाटेने येतात आणि बहुतेक घोटाळा त्या सामाईक वाटेमुळे होतो. पहिली गोष्ट म्हणजे दरमहाची डागडुजी. प्रणालीत सापडलेली छिद्रे बुजवणारा हा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे नवी आवृत्ती, अर्थात अपग्रेड. विंडोज १० चे विंडोज ११ होणे हा मोठा अपग्रेड. विंडोज ११ मध्येच २४एच२ वरून २५एच२ वर जाणे हा वर्षातून एकदा येणारा धाकटा. मृगापूर्वी घर शाकारणे आणि घरच उतरवून नवे बांधणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच या दोहोंत आहे.

बांधकाम नको म्हणणाऱ्याने शाकारणीही बंद करणे ही मात्र आपल्याकडची सर्रास दिसणारी चूक. ‘अपडेट केला की संगणक बिघडतो’ अशी एकदा समजूत झाली, की कुणीतरी जाणता शेजारी ‘विंडोज अपडेट’ ही सेवाच बंद करून देतो. वर्षानुवर्षे संगणक त्याच स्थितीत राहतो आणि मालक निर्धास्त असतो.

२०१७ साली या निर्धास्तपणाची किंमत जगाने मोजली. विंडोजमधील फायली वाटून घेण्याच्या यंत्रणेत सापडलेल्या एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच दोषातून शिरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांसह सुमारे दीडशे देशांतील संगणकांना त्याने कुलूप लावले. बाधितांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पर्यंत सुरक्षा मिळतच होती. म्हणजे त्या संगणकांना विंडोज १० वर जाण्याची काहीही गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी आलेली दुरुस्ती तेवढी स्वीकारायची होती. त्याच वर्षी २७ जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही हा दोष वापरला (त्याच्याकडे इतरही शस्त्रे होती). त्या हल्ल्यात मर्स्क समूह सापडला आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

लोकांचा अविश्वास अनाठायी होता, असे मात्र म्हणता येत नाही. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले आणि जुन्या वापरकर्त्यांना ते वर्षभर फुकट देऊ करण्यात आले. त्यासाठीची सूचनाचौकट नेहमीच्या अपडेटच्याच वाटेने घराघरांत शिरली. २०१६ च्या उन्हाळ्यात तर या चौकटीवरील फुलीचे बटण दाबले, तरी अपग्रेडला संमती दिल्याचे मानले जाऊ लागले. फुली म्हणजे नकार, हा संगणकाच्या जगातला वर्षानुवर्षांचा संकेत होता. तोच उलटा करण्यात आला. कॅलिफोर्नियातील एका प्रवासी संस्थेच्या चालिकेने अशा अपग्रेडमुळे संगणक निकामी झाल्याची तक्रार न्यायालयात नेली आणि १० हजार डॉलरची भरपाई मिळवली. पुढे कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कपोसेला यांनीही त्या वेळी अतिरेक झाल्याचे मान्य केले.

मराठी कचेरीची अडचण

मराठीत काम करणाऱ्यांना नव्या आवृत्तीची जी धास्ती वाटते, तिला आणखी एक कारण आहे आणि ते इंग्रजीतून लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. ते कारण म्हणजे आपले टंक. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’, ‘आकृती’ अशा प्रणालींवर मराठी छपाई उभी राहिली. या प्रणालींत संगणकाच्या लेखी ‘क’ हे अक्षर नसतेच. कुठल्या तरी रोमन अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असते. कळफलक आणि चित्र यांची सांगड घालणारा छोटा प्रोग्रॅम विंडोजच्या पोटात शिरून काम करतो. विंडोजचे पोट बदलले, की तो बिथरतो.

त्यातच पानांची जुळणी पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ सालची. पुढे अडोबीने त्याचा विकासच थांबवला. काही मराठी प्रणालींना हार्डवेअर लॉक असे. संगणकाला तो लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. या लॉकचे जुने ड्रायव्हर विंडोज ११ च्या सुरक्षा-नियमांत बसतीलच असे नाही. शिवाय विंडोज ११ हे केवळ ६४ बिटांचे आहे आणि १६ बिटांच्या काळातले प्रोग्रॅम त्यावर मुळीच चालत नाहीत. छापखान्यातला, देवस्थान समितीचा किंवा दिवाळी अंकाचा जुना संगणक कुणी बदलू देत नाही, त्यामागे हट्टापेक्षा हा हिशेब अधिक असतो.

मराठीचा वावर महाराष्ट्र-गोव्यापुरता नाही, तशी ही अडचणही नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात घरी मराठी किंवा पोवारी आणि कचेरीत हिंदी अशी विभागणी असते. त्या जिल्ह्यातील, श्रीराम मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या रामपायलीसारख्या गावात अर्ज टंकून देणाऱ्याची गाठ श्री-लिपीऐवजी ‘कृतिदेव’शी पडते, हा टंकही त्याच जुन्या पद्धतीचा. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट असे दोन कळफलक चालतात. त्यांपैकी इन्स्क्रिप्ट विंडोजमध्ये मुळातच असतो. रेमिंग्टनसाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि नव्या आवृत्तीत तो चालतो की नाही हे परीक्षेच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नसतो.

नव्या आवृत्तीने मराठीकडून केवळ काढूनच घेतले, असेही नाही. विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीत मराठीचा फोनेटिक कळफलक प्रणालीतच आला आणि रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांची सोय झाली. उलट, इंग्रजी विंडोज १० नव्याने टाकलेल्या संगणकांत ‘मंगल’ हा सरकारी पत्रव्यवहारातला नेहमीचा टंक दिसेनासा झाला, तेव्हा अनेकांनी तो बाहेरून उतरवून घेतला. त्याची गरज नव्हती. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ हा संच जोडला, की मंगल परत येतो. सोबत कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे टंकही येतात.

आवृत्ती कशी रोखावी

प्रथम आपल्याकडे काय आहे ते पाहावे. विंडोजचे बोधचिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ असे रोमन अक्षरांत लिहिले, की आवृत्ती दिसते. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ आणि त्याखालील ‘अबाउट’ येथे विंडोज होम आहे की प्रो, हे कळते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा होम असते आणि आवृत्ती बांधून ठेवण्याची अधिकृत सोय प्रोपासून वरच्यांनाच आहे.

प्रो असल्यास त्याच चौकटीत ‘जीपीएडिट डॉट एमएससी’ लिहून ग्रुप पॉलिसी उघडावी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट असे उतरत गेल्यावर विंडोज ११ मध्ये ‘मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट’ हा कप्पा मिळतो. त्यातील ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ हा नियम चालू करायचा. खाली दोन रकाने येतात: एकात प्रणालीचे नाव, दुसऱ्यात आवृत्ती. समजा, पहिल्यात ‘विंडोज ११’ आणि दुसऱ्यात ‘२४एच२’ लिहिले, तर संगणक त्या आवृत्तीवरच थांबतो आणि दरमहाची सुरक्षा मात्र येत राहते. दोन्ही नोंदी रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत कराव्यात. विंडोज आणि अंक यांच्यामध्ये एक जागा सोडावी.

होममध्ये ग्रुप पॉलिसी नसते. तिच्या नोंदी रजिस्ट्रीत हाताने करता येतात, पण रजिस्ट्रीत चुकीच्या ठिकाणी हात गेला तर संगणक सुरू होणेही कठीण होऊन बसते. त्यापेक्षा अमेरिकी प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांचा ‘इनकंट्रोल’ हा छोटा, मोफत प्रोग्रॅम बरा. तो नेमक्या त्याच नोंदी करतो आणि हव्या तेव्हा काढून टाकतो. २०१६ च्या धुमाळीत ‘नेव्हर१०’ हा विंडोज १० रोखणारा प्रोग्रॅमही त्यांचाच. होमसाठी मायक्रोसॉफ्टने या मार्गाची हमी दिलेली नाही, हे ध्यानात असू द्यावे.

यांपैकी काहीच करायचे नसेल, तर निदान विंडोज अपडेटच्या पानावर ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अ‍ॅव्हेलेबल’ हे बटण बंद ठेवावे आणि नव्या आवृत्तीखालच्या ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’ला हात लावू नये. विंडोज १० मध्ये त्या प्रस्तावाखालीच ‘स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ’ असा नकाराचा दुवा असतो. तो बारीक अक्षरांत असतो, हा योगायोग नसावा.

‘पॉज अपडेट्स’ हा उपाय मात्र या कामाचा नाही. त्याने अपग्रेडबरोबर सुरक्षाही थांबते, तीही जास्तीत जास्त पाच आठवडे. मग साचलेले सगळे एकदम येते. परीक्षेचा अर्ज, लेखापरीक्षण, निवडणुकीचे काम अशा घाईच्या आठवड्यापुरता तो ठीक. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांनी ‘मीटर्ड कनेक्शन’ जरूर चालू करावे, कारण नवी आवृत्ती काही जीबी डेटा गिळते. पण मीटर्ड जोडणीवर बहुतेक अपडेटही उतरत नाहीत. तेव्हा महिन्यातून एकदा तरी वायफायवर संगणक नेऊन बाकी चुकती करावी. कामाच्या मध्येच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा त्रास असेल, तर त्यावर ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ आहेत. दिवसाचे १८ तासांपर्यंत राखून ठेवता येतात.

मुदतीची अट

आवृत्ती रोखून धरणे हा कायमचा परवाना नव्हे. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सुरक्षा मिळते: विंडोज ११ च्या २४एच२ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ ला १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. मुदत संपून ६० दिवस झाल्यावर ग्रुप पॉलिसीतील नोंद न जुमानता संगणक पुढे ढकलला जातो. म्हणून वर्षातून एकदा ती नोंद स्वतःच पुढच्या आवृत्तीवर न्यावी. आवृत्ती जुनी होऊन तिच्यातले दोष निस्तरले गेलेले असतात आणि दिवसही आपल्या सोयीचा निवडता येतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्याकडचे पुष्कळ संगणक विंडोज ११ च्या टीपीएम २.० आणि आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत, त्यामुळे त्यांना अपग्रेडची भीती नाही. मात्र सुरक्षाही आपोआप मिळत नाही. त्यासाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ या योजनेत नोंदणी करावी लागते. घरगुती वापरकर्त्यांना तीतून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा मिळते. अट एवढीच, की संगणकात २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवू दिली तर नोंदणी फुकट. अन्यथा ३० डॉलर किंवा स्थानिक चलनात तेवढी रक्कम. फुकट मार्ग असताना पैसे भरण्याचे कारण दिसत नाही.

पेजमेकर आणि हार्डवेअर लॉक सांभाळणाऱ्या संगणकाला यांतले काहीच लागू पडत नसेल, तर त्याची इंटरनेटची तार काढणे हाच खरा उपाय. मजकूर पेनड्राइव्हने न्यावा-आणावा, आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासावा. जुने अंक वेळीच पीडीएफमध्ये उतरवून ठेवावेत. लॉक एक दिवस बंद पडणारच.

मॅकमध्ये हा भेद सेटिंग्जमध्येच केलेला आहे. ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये मॅकओएसचे अपडेट आपोआप बसवण्याचे बटण बंद आणि सुरक्षेविषयीचे बटण चालू ठेवता येते. अ‍ॅपल चालू आवृत्तीबरोबर सहसा मागच्या दोन आवृत्त्यांनाही सुरक्षा देते, पण त्याची मुदत जाहीर करत नाही. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. तिथे ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये नव्या आवृत्तीच्या सूचनेपुढे ‘नेव्हर’ निवडले, की काम झाले.

सगळी काळजी घेऊनही विंडोजची नवी आवृत्ती संगणकात उतरलीच, तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ हे बटण असते. त्याने जुनी आवृत्ती परत येते आणि फायली जागच्या जागी राहतात. नंतर बसवलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. दहा दिवसांनी मात्र हे बटण निष्क्रिय होते, म्हणून पहिल्याच दिवशी मराठी टंक, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते का, एवढे पाहून घ्यावे.