बीपीची कुळकथा

लिनक्स सर्व्हरवर नेटबॅकअप बसवले की कमांडांची मोठी फौज दिसते: बीपीबॅकअप, बीपीरिस्टोर, बीपीलिस्ट, बीपीसीडी. आमच्या सोनईत बीपी म्हटले की आधी सकाळची गोळी आठवते. पण ही दोन अक्षरे आली कुठून, हे शोधता शोधता बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडायची एक कसोटीच माझ्या हाती लागली: आधी कूळ विचारा.

सगळ्यांना ठाऊक असलेला भाग थोडक्यात. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत टार आले, १९९६ मध्ये आरसिंक. टार जन्मले टेपसाठी. आजही एका अक्षराची फाइल ग्नू टारने बांधली तर गाठोडे १०,२४० बाइटचे भरते, कारण ५१२ बाइटचे २० ठोकळे एकदम लिहायची टेपची सवय अजून सुटलेली नाही.

आता बीपी. ऐकताक्षणी पटणारे उत्तर असे की बॅकअप शब्दातलीच ही अक्षरे. मला ते पटत नाही. तसे असते तर बीपीबॅकअप म्हणजे ‘बॅकअपबॅकअप’ झाले असते, आणि बीपीरिस्टोरमध्ये दोन उलट क्रियापदे शेजारी बसली असती. हा उपसर्ग कामाचा नाही, घराण्याचा आहे. १९८७ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीने कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनकडून स्वतःसाठी बॅकअपची व्यवस्था लिहून घेतली. १९९३ मध्ये तिचे नाव झाले बॅकअपप्लस. बीपी ते हे. त्याच वर्षाच्या अखेरीस ओपनव्हिजन कंपनीने ते विकत घेऊन नेटबॅकअप असे बारसे केले. कमांडा मात्र जुन्याच राहिल्या. माझा तर्क असा की ग्राहकांनी लिहिलेल्या स्क्रिप्टा मोडायची कोणाची हिंमत झाली नसावी.

त्याहून गमतीचा आहे फोल्डर. युनिक्स आणि लिनक्सवर हे सॉफ्टवेअर ‘ओपनव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. ओपनव्हिजन १९९७ मध्ये व्हेरिटासने घेतली, व्हेरिटास २००५ मध्ये सिमॅन्टेकने, २०१६ मध्ये व्हेरिटास पुन्हा वेगळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा नेटबॅकअपचा व्यवसाय कोहेसिटीकडे गेला. जमीन इतक्या जणांनी घेतली, पण फेरफार न झाल्यामुळे सातबाऱ्यावर अजून ओपनव्हिजनच. नंतरच्या प्रोग्रॅमांना ‘एनबी’ उपसर्ग लागला; त्यामुळे नावावरूनच जुना थर कुठला, नवा कुठला, हे कळते.

याच कुळाची एक शाखा पुण्यात फुटली. व्हेरिटासच्या पुण्यातल्या केंद्रात काम केलेले जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोठंडरमण यांनी २००८ मध्ये तिथेच ड्रुवा काढली. नाव आपल्या ध्रुवाचे. त्यांनी टेपला हातच लावला नाही. भर दिला लॅपटॉपवर: शंभर जणांकडे तीच फाइल असेल तर ती एकदाच साठवायची. जाणकार म्हणतील, एकच ठोकळा एकदाच ठेवायची युक्ती बेल लॅब्जच्या व्हेंटीने २००२ मध्येच दाखवली होती. दाखवली होती, मान्य. पण विद्येचे गोत्र वेगळे आणि घराचे वेगळे. टेपच्या घरात वाढलेल्यांनाच टेपचा जाच नेमका ठाऊक असतो, असे माझे ठाम मत आहे.

इथून जवळच शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना परंपरेने दारे नसत, आणि २०११ मध्ये यूको बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली. पण शनिदेवाच्या धाकाने चोर टळेल, डिस्क मरायची टळत नाही.

एखाद्या छोट्या पतसंस्थेच्या एकुलत्या लिनक्स सर्व्हरला नेटबॅकअप म्हणजे उगाच डोईजड. टेप नाही, टेप बदलणारा रोबो नाही, ते सांभाळायला माणूसही नाही. तिथे मी बोर्ग सुचवतो. जन्मच डिस्कसाठी, पुनरावृत्ती आपोआप गाळली जाते, आणि दुसऱ्या यंत्रावर एसएसएचने जाते. बोर्ग २०१५ मध्ये अ‍ॅटिक या सॉफ्टवेअरपासून वेगळे झाले. नाव स्टार ट्रेकमधल्या, सगळ्यांना आपल्यात सामावून घेणाऱ्या बोर्ग टोळीवरून आले, असे कोणीही म्हणेल. माझा कल दुसरीकडे आहे: अ‍ॅटिकच्या मूळ लेखकाचे आडनाव बोर्गस्ट्रॉम.