उशाशी आलेली वेळ

झोपलेल्या माणसाला ठरल्या वेळी जागे करणे हे काम आज इतके सोपे झाले आहे की, एके काळी ते राजवाड्याचे, देवस्थानाचे आणि पुढे कारखानदारीचे काम होते व त्यासाठी पगारी माणसे नेमली जात असत, हे मुद्दाम सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी येत नाही. घड्याळ आणि रेडिओ ही दोन स्वतंत्र यंत्रे एका पेटीत बसवून ती पेटी पलंगालगतच्या तिवईवर ठेवण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली, आणि पुढील तीनचार दशकांत तो गजराचा रेडिओ आपल्या मध्यमवर्गीय घरांतही आला. परंतु ह्या लहानशा पेटीपाशी येऊन मिळालेले दोन प्रवाह, म्हणजे वेळ मोजण्याचा आणि मोजलेली वेळ सर्वांच्या कानी घालण्याचा, हे दोन्ही अतिशय जुने आहेत. जागे होणे ही क्रिया प्रत्येकाची खाजगी भासली तरी शतकानुशतके ती सामुदायिक होती, आणि गजराच्या रेडिओपर्यंत ती सामुदायिकता टिकली व त्यानंतर संपली, असे माझे मत आहे. ते कशावरून बनले एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटका मानीत; एक घटका 24 मिनिटांची. तांब्याच्या वाटीच्या बुडाला सूक्ष्म छिद्र पाडून ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडली की छिद्रातून पाणी चढत जाते आणि घटका भरताच वाटी बुडते. मग ती काढून, रिती करून, पुन्हा तरंगत ठेवायची आणि जवळ टांगलेल्या जाड पितळी थाळीवर टोले द्यायचे, असा हा रात्रंदिवसाचा पहारा असे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील ह्या व्यवस्थेचे वर्णन केले असून तिच्यातील एक उणीवही त्याने अचूक हेरली आहे. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला तीन किंवा चार घटकांचे टोले ऐकू आले, तरी त्या घटका दुसऱ्या प्रहराच्या की तिसऱ्या, हे त्याला समजण्याचा मार्ग नव्हता. म्हणून घटकांचे टोले झाल्यावर थोडे थांबून प्रहराचीही खूण द्यावी, असा हुकूम बाबराने केला. अंथरुणात पडल्यापडल्या, डोळे मिटलेले असताना, किती वाजले हे कळावे, ही माणसाची गरज एका बादशहाने इतक्या बारकाईने ओळखावी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्रात पहाटेची जबाबदारी नगारखान्यातल्या चौघड्याकडे असे. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर आजही उभा असलेला नगारखाना त्या वहिवाटीची साक्ष देतो. देवळांतून काकडआरती होई आणि तिच्या घंटेने आसपासची आळी उठे. परंतु चौघडा आणि काकडा यांच्याही आधी उठणारे एक माणूस प्रत्येक घरात असेच. ती घरची बाई. शुक्राची चांदणी किती वर आली हे पाहून ती जात्यावर बसे. तिला कोणी उठवीत नसे, उलट तिच्या जात्याच्या घरघरीने आणि ओवीने बाकीचे घर हलके हलके जागे होई. वेळेच्या इतिहासात यंत्रे करणाऱ्यांची नावे नोंदलेली आहेत. ह्या बायांनी दळता दळता राखलेल्या वेळेची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, हा त्या इतिहासातला मोठा अन्याय आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, आणि पुढील अर्धशतकात परळ-लालबागचा परिसर गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. देवळाच्या घंटेची जागा तेथे भोंग्याने घेतली. चौघड्याने उठवलेला मनुष्य जरा कुशीवर वळला तर त्याचे काही बिघडत नसे, पण भोंग्याने उठवलेल्याला उशीर झाला तर त्याची मजुरी कापली जाई. म्हणून वेळ कोणाची आणि ती कोणी ठरवायची हा प्रश्न मुंबईत तत्त्वचर्चेचा न राहता पोटाचा झाला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, तर रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत असे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने 1881 साली मद्रासची वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न केला, तो लोकमताच्या विरोधामुळे 1883 साली सोडून द्यावा लागला. पुढे 1 जानेवारी 1906 रोजी साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ अमलात आली आणि मुंबईकराची पहाट एकदम 39 मिनिटांनी अलीकडे ओढली गेली. भर थंडीत, उजाडण्याच्या पुष्कळ आधी कामावर हजर होण्याची ही सक्ती गिरणी कामगारांना असह्य झाली आणि त्या जानेवारीत काही ठिकाणी त्यांनी कामच बंद पाडले. नगरपालिकेने तर मुंबईच्या वेळेचा हट्ट 1955 पर्यंत सोडला नाही. एका शहरात जवळजवळ पन्नास वर्षे दोन वेळा नांदत होत्या, आणि कोणी कोणती मानावी हे ज्याच्या त्याच्या घड्याळावर अवलंबून होते.

गजराचे घड्याळ घरांत आले ते ह्याच काळात. अमेरिकेत लेव्ही हचिन्स याने 1787 साली असे एक घड्याळ केले होते, पण ते पहाटे चार वाजताच वाजे, दुसरी वेळ त्याला ठाऊकच नव्हती. हवी ती वेळ लावता येईल अशा गजराचे पेटंट पॅरिसच्या आंत्वान रेदिए यांनी 1847 साली घेतले, आणि 1876 साली सेथ थॉमस यांच्या पेटंटानंतर उशाशी ठेवण्याजोगी लहान घड्याळे निघाली. आपल्या घरांतून पुढे शंभर वर्षे वावरलेल्या त्या घड्याळाची ठेवण अनेकांना आठवत असेल: माथ्यावर दोन वाट्या, मध्ये लहानशी हातोडी, पाठीमागे दोन किल्ल्या, एक चालण्याची व एक गजराची, आणि तबकडीवर तासकाटा व मिनिटकाटा यांखेरीज गजराचा म्हणून एक बारीक काटा. हा काटा बारा तासांची तबकडी दाखवणारा असल्याने त्याने गजर नेमक्या मिनिटाला लावणे शक्यच नव्हते. पाचदहा मिनिटे इकडेतिकडे हे गृहीतच धरलेले असे. परीक्षेच्या दिवसांत मुले ते घड्याळ पितळेच्या परातीत ठेवीत, म्हणजे आवाज दुणावून सारे घर उठे आणि ज्याच्यासाठी गजर लावला तो मात्र पुष्कळदा शेवटी उठे.

दुसरा प्रवाह नभोवाणीचा. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि नभोवाणी सरकारी कारभारात आली. पुण्याचे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. रेडिओ बाळगणाऱ्याला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे व तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. ह्या यंत्राने घरात गाणे आणले, बातमी आणली, हे सर्वश्रुतच आहे. पण त्याने त्याहून मोलाची एक वस्तू आणली, ती म्हणजे बिनचूक वेळ. लंडनच्या बी. बी. सी.ने 5 फेब्रुवारी 1924 पासून ग्रिनिचच्या वेधशाळेचे सहा ठोके प्रक्षेपित करण्याचा पायंडा पाडला होता. आपल्याकडेही बातमीपत्रापूर्वी ते टिकटिक ठोके ऐकू येऊ लागले आणि भिंतीवरचे, मनगटावरचे, फडताळातले प्रत्येक घड्याळ त्या ठोक्यांना जुळवून घेण्याची शिस्त घराघरांत आली. युरोपातून आश्रयार्थ आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी रचलेली आकाशवाणीची ती परिचयधून, मग भक्तिसंगीत, 1974 पासून सात वाजायला पाच मिनिटे असताना संस्कृत वार्ता, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, अशा क्रमाने सकाळ सरके. घड्याळाकडे न पाहताही दूध केव्हा तापवायचे आणि डबा केव्हा भरायचा हे त्या आवाजांवरून कळे. रामनवमीच्या दिवशी, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रक्षेपित झाले आणि पुढे वर्षभर माडगूळकर-फडके यांची नवी रचना आठवड्याला एक ह्याप्रमाणे येत राहिली, तेव्हा तर ठरल्या घटकेला एका कार्यक्रमासाठी अवघा प्रांत सिद्ध होऊन बसे.

ही दोन यंत्रे एकत्र येण्यास निमित्त झाले ते विजेचे. अमेरिकेत हेन्री वॉरन यांनी 1916 च्या सुमारास असे घड्याळ सिद्ध केले की ज्यात कमान नाही, किल्ली नाही. विजेच्या प्रवाहाची दर सेकंदास जितकी आवर्तने होतात त्यांच्याशी बांधलेली एक लहानशी मोटर काटे फिरवते. अशी मोटर रेडिओच्या पेटीत बसवून तिच्याकडूनच रेडिओचा खटका दाबवून घेणे ही पुढची पायरी होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ती चढली गेली. गजर वाजल्यावर थोडी आणखी झोप देणारे बटण 1956 साली टेलिक्रॉन घड्याळांत आले, आणि पुढे नऊ मिनिटांची ती सवलत जगभर रूढ झाली. जपानच्या सोनी कंपनीने 1968 साली 'डिजिमॅटिक' हा गजराचा रेडिओ काढला. त्यात काट्यांऐवजी आकडे छापलेली पाने होती, आणि दर मिनिटास एक पान खळ्ळकन खाली पडे. पानांनंतर लाल प्रकाशाचे आकडे आले, आणि आपल्याकडे अधिककरून हेच दिसले. 1970 नंतर आखाती देशांत नोकरीस गेलेले कोकणातले लोक सुट्टीवर येताना जी चीजवस्तू जकात भरून आणीत, तिच्यात टेपरेकॉर्डरच्या बरोबरीने ह्या पेटीलाही मान होता.

ही पेटी वापरणे दिसते तितके सोपे नव्हते. तिच्या बुडाशी 50 आणि 60 असा एक खटका असे, आणि तो पहिल्याच दिवशी पाहणे अगत्याचे होते. अमेरिकेतल्या विजेची आवर्तने सेकंदास 60, आपल्याकडील 50. खटका 60 वर राहिला तर आपल्या विजेवर ते घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडणार, म्हणजे रात्री दहाला लावलेले घड्याळ सकाळी सहा वाजता पाचलाही पोचलेले नसणार. त्यानंतर वेळ लावताना आकड्यांशेजारचा तो सूक्ष्म ठिपका सकाळ दाखवतो की संध्याकाळ, हे पाहावे लागे. ते चुकले की सहाचा गजर सायंकाळी सहाला, दिवेलागणीच्या वेळी वाजे. मग रेडिओ लावून, स्टेशन नीट जुळवून, आवाज बेताचा ठेवून खटका 'ऑटो'वर सरकवायचा. आवाज अगदी बारीक राहिला तर यंत्र आपले कर्तव्य करी, पण ते ऐकायला कोणी जागे नसे. आणि केंद्र सुरू होण्यापूर्वीची वेळ लावली तर मध्यम लहरींवरची निव्वळ खरखर कानी येई. म्हणून जाणती माणसे गजर अशा बेताने लावीत की परिचयधूनच त्यांना उठवील. रात्री निजताना 'स्लीप'चे बटण दाबले की विविध भारती एक मिनिट कमी तासभर चालून आपोआप बंद होई, ही सोय निराळीच.

वीज गेली की मात्र ही सारी व्यवस्था कोसळे आणि परत आली की बारा वाजल्याचे आकडे लुकलुकत राहत. त्यासाठी पेटीच्या पोटात नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी बसवण्याची जागा असे. भारनियमनाच्या काळात तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. याहूनही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की, वीज असतानाही वेळ बिनचूक राहीलच असे नव्हते. मागणी वाढून वीज अपुरी पडू लागली की जाळ्यातली आवर्तने 50 च्या खाली उतरत. ती 49 वर राहिली तर हे घड्याळ तासाला 72 सेकंद हरवी, आणि आठ तासांच्या झोपेत साडेनऊ मिनिटांहून अधिक मागे पडे. राज्यातल्या विजेच्या टंचाईचा हिशेब असा निजलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर मांडला जात होता. परंतु ज्या पेटीत ही चूक होत होती, त्याच पेटीतून सकाळी वेधशाळेच्या वेळेचे ठोके येत आणि ती चूक उघड करीत. स्वतःची चूक स्वतःच बोलून दाखवणारे असे दुसरे गृहोपयोगी यंत्र मला माहीत नाही.

आता आपल्याला दूरध्वनीवरील गजर उठवतो. तो उपग्रहांच्या आणि जाळ्यांच्या वेळेशी जुळलेला असल्यामुळे एका सेकंदाचीही चूक करीत नाही, आणि प्रत्येकाचा सूर निराळा असल्याने एका खोलीत निजलेली दोन भावंडेही दोन निरनिराळ्या आवाजांनी उठतात. अचूकतेत हा लाभ निर्विवाद आहे आणि तो मी कमी लेखीत नाही. परंतु बाबराच्या थाळीपासून भोंग्यापर्यंत जो आवाज होता तो सर्वांचा होता. त्यात जुलूम होता, मजुरी कापण्याचे भयही होते, तरी आपल्याबरोबर सारा गाव उठला आहे ही जाणीवही त्यातच होती. गजराच्या रेडिओने ह्यातला जुलूम काढून टाकला, कारण वेळ ज्याची त्याने लावायची. आणि जाणीव तेवढी राखली, कारण आवाज एकाच केंद्राचा होता व तो रत्नागिरीत, साताऱ्यात आणि पुण्यात एकाच क्षणी पोचत होता. स्वातंत्र्य आणि सहवास यांची इतकी समतोल सांगड घालणारे यंत्र त्याआधी झाले नव्हते, त्यानंतरही झालेले नाही.

अशी एखादी पेटी घरच्या माळ्यावर पडली असेल तर ती भंगारात देऊ नका. बुडाशी असलेला खटका 50 वर आहे ना हे पाहा, नवी बॅटरी बसवा, आपले जवळचे आकाशवाणी केंद्र अद्याप ज्या लहरीवर लागत असेल ती जुळवून ठेवा आणि एखाद्या सकाळी घरातल्या मुलांना त्या आवाजाने उठवा. वेळ कशी मोजली जाते आणि ती एकमेकांना कशी सांगितली जाते, हे त्यांना शिकवायला त्याहून चांगले साधन सापडणार नाही.