पवनी : पाहणे, जेवणे, विसावणे



प्रवासाला निघालेला मनुष्य परक्या गावी मुख्यतः तीन गोष्टी करतो. तो गाव पाहतो, तेथे जेवतो आणि थकला म्हणजे कोठेतरी विसावतो. या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्यांचा इतिहासाशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, अशी आपली शाळेपासूनची समजूत. तथापि एखादे जुने गाव कळायचे तर ते या तीन वाटांनीच कळते, असे आमचे मत आहे. आणि त्याचे प्रमाण देण्यासाठी आम्ही दूर न जाता आपल्या भंडारा जिल्ह्यातील पवनीच घेणार आहोत.

आधी जगातील एक उदाहरण पाहू. उत्तर आफ्रिकेत मोरोक्को देशात फेस नावाचे शहर आहे. इ. स.च्या आठव्या शतकाच्या अखेरीस ते वसले. त्याच्या जुन्या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आत शिरत नाही. माल खेचरांच्या पाठीवरून जातो आणि कातडे कमावणारे अजून उघड्या हौदांत उभे राहून काम करतात. १९१२ साली तेथे फ्रेंचांचा अंमल बसला, तेव्हा त्यांनी नवी वस्ती जुन्या तटाबाहेर वसविली. त्यामुळे आतले शहर बहुतांशी जसेच्या तसे राहिले. १९८१ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. देशोदेशींचे लोक आज तेथे जातात, गल्ल्या हिंडतात, तेथलेच अन्न खातात आणि कारंजाच्या चौकात घटकाभर बसतात. फेसचे वैभव मोठे, यात वाद नाही. पण वयाचा हिशेब मांडला तर आपली वैनगंगाकाठची पवनी फेसहून सुमारे हजार वर्षांनी वडील आहे!

आता पाहण्याविषयी. पवनीच्या एका अंगाला नदी आणि इतर बाजूंस मातीचा प्रचंड तट, त्यावर दगडी बांधकाम आणि बाहेर खंदक, अशी जुन्या नगराची रचना आहे. जवाहर दरवाजातून आत शिरताना त्या तटाची जाडी नजरेत भरते. पण पवनीचे खरे मर्म तिच्या टेकड्यांत आहे. जगन्नाथ टेकडी, चांदकापूरची हरदोलाला टेकडी आणि सुलेमान टेकडी ही त्यांची नावे. पहिल्या टेकडीवर जगन्नाथाचे मंदिर उभे राहिले. दुसरीला बुंदेलखंडातील लोकदैवत झालेल्या हरदौल लालाचे नाव मिळाले. तिसरीचे नाव मुसलमानी. आणि या तिन्ही नावांखाली जे होते ते बौद्ध स्तूप!

हे उघड झाले १९६९-७० साली. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून तेथे उत्खनन केले, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध केला. १९९४ साली पुन्हा उत्खनन झाले. मौर्यकाळात बांधलेला आणि पुढे वाढविलेला जगन्नाथ टेकडीचा स्तूप सुमारे ४० मीटर व्यासाचा, म्हणजे सांचीच्या महास्तूपाहूनही रुंद, असल्याचे दिसून आले. स्तूपाभोवतीच्या कठड्याचे खांब मिळाले, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले, आणि ब्राह्मी लिपीतले लहान लहान लेख मिळाले.

या लेखांकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्यांत राजाची आज्ञा नाही, विजयाची फुशारकी नाही. अमक्याचे दान, तमकीचे दान, एवढाच मजकूर. पाच निकाय जाणणारा नाग नावाचा एक विद्वान तेथे भेटतो. विसमिता नावाची एक स्त्री आपले दान सर्व जीवांच्या सुखासाठी असल्याचे नोंदविते. दोन हजारांहून अधिक वर्षांमागे या गावातील एका बाईने खांबाचा खर्च सोसला आणि त्याचे पुण्य सर्वांना वाटून टाकले! पुढच्या काळात महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ येथे उभा राहिला, भार वंशातील भगदत्त राजाचा लेख कोरला गेला. परंतु आमच्या मते पवनीचा पहिला मान विसमितेचा आहे.

जेवणाकडे वळू. भंडारा हा भाताचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी समाजातील जाणत्यांनी उतार ओळखून पाळी घातल्या, पाणी अडविले आणि बांध्या पिकविल्या. त्या पाण्याने तांदूळ दिला, ढिवरांच्या जाळ्याला मासे दिले. धान कापणीला येण्याच्या सुमारास ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. नांगर न लावता ती उगवते, आणि तिच्या डाळीचे वडे पाहुण्याच्या पानात पडतात. चिनोरचा वाफाळलेला भात, वर लाखोळीचे वरण, बाजूला सांभार घातलेली वांग्याची भाजी आणि शेजारच्या भिवापूरच्या मिरचीचा ठेचा, असे पान समोर आले की तो इतिहासाचाच एक पाठ समजावा. कारण त्यातला भात आणि मासा विसमितेच्या घरीही शिजत असावा. पण मिरची तिने पाहिली नव्हती. ती अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि आज तिच्यावाचून आपला घास उतरत नाही. बाहेरून आलेले आपलेसे करून घेण्याची ही रीत टेकड्यांच्या नावांत दिसते, तीच ताटातही दिसते.

राहिला विसावा. बौद्ध भिक्षू वर्षभर हिंडत आणि पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहत. त्यांचे पोट गावकऱ्यांच्या भिक्षेवर चाले. तेव्हा थकल्या पावलांना जागा देणे हा पवनीचा धर्म फार जुना आहे. पुढे भोसल्यांच्या राज्यात आणि त्याही आधी बांधली गेलेली देवळे आणि नदीवर उतरणारे दगडी घाट यांनी तोच धर्म चालविला. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा पंचमुखी सर्वतोभद्र गणेश येथलाच. त्याचे दर्शन घ्यावे, दिवाण घाटाच्या किंवा वैजेश्वराच्या पायऱ्यांवर बसावे आणि दिवस मावळताना वैनगंगेकडे पाहावे. मनुष्य स्वस्थ बसतो तेव्हाच पाहिलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळू लागतात.

असो. पण एवढे ऐकून कोणी पवनीस गेला तर त्याला काय आढळते, तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. स्तूपांची शिल्पे वस्तुसंग्रहालयांत गेली. ती तेथे सुरक्षित आहेत हे चांगलेच, पण गावातल्या मुलाला आपल्या टेकडीखाली काय निघाले ते दिसत नाही. रेशीमकाठी कापडासाठी नावाजलेल्या येथल्या कोष्ट्यांचे माग फार थोडे उरले. नदीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचे धरण झाले. त्याची पायाभरणी १९८८ सालची. धरणात पाणी अडू लागल्यापासून घाटावरच्या पाण्याची चढउतार नुसत्या ऋतूवर अवलंबून राहिली नाही. २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. त्यानंतर पवनीच्या वाटेने वाघ पाहायला लांबून लोक येतात. त्यांतील कितीकांच्या गाड्या तटापाशी थांबतात? वाघ दिसला नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत; स्तूप राहून गेला म्हणून हळहळणारे विरळा!

यात दोष पाहुण्यांचा नाही. यजमानालाच आपल्या घराची माहिती नसेल तर पाहुण्याने काय विचारावे? फेसची कीर्ती नुसत्या जुन्या भिंतींनी झालेली नाही. त्या भिंतींआड लोक राहतात, राबतात, रांधतात आणि आलेल्याला आपले गाव सांगतात. पवनीला राजाश्रय मिळेल तेव्हा मिळो. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते तरी करू. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जगन्नाथ टेकडी चढू, खाली काय आहे ते त्यांना सांगू, तेथल्याच घरचा किंवा खाणावळीचा भात खाऊ, कोष्ट्याकडून एखादे धोतर वा लुगडे विकत घेऊ आणि संध्याकाळी घाटावर बसू. मोठमोठे स्तूप अशाच लहान लहान दानांनी उभे राहिले होते, हे ते ब्राह्मी लेख आपल्याला सांगतात. आपल्या वाटणीचा खांब अजून द्यायचा राहिला आहे.