पराभूत यंत्राचे खेळ

ग्रंथ वाचावयास डोळे आणि उजेड यांखेरीज दुसरें साधन लागत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं छापलेलें पुस्तक वाळवीच्या तोंडून वांचलें असेल, तर तें कपाटांतून काढून आज दुपारीं वाचतां येतें. तें छापणारा छापखाना बुडाला कीं तगला, याची चौकशी वाचकास करावी लागत नाहीं. व्हिडिओ गेम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांचें तसें नाहीं. ते एका विशिष्ट यंत्रासाठीं रचलेले असतात, आणि त्या यंत्रावांचून तबकडी हातांत असूनहि तिचा उपयोग नसतो. यंत्र बाजारांत हरलें, कीं त्याच्याबरोबर त्याचे खेळहि हरतात. मग ते चांगले होते कीं वाईट, हा प्रश्न विचारावयास फारसें कोणी उरत नाहीं. जपानच्या सेगा कंपनीनें १९९४ सालीं काढलेल्या सॅटर्न या यंत्राची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे त्या दशकांत टेलिव्हिजनला जो खेळाचा डबा जोडला जाई, तो बहुधा निन्टेंडोच्या जुन्या यंत्राची स्वस्त नक्कल असे. त्यामुळें सॅटर्नचें नांवहि आपल्या घरांत फारसें पोंचलें नाहीं. तरीहि ज्यांना खेळ हा केवळ वेळ दवडण्याचा उद्योग वाटत नाहीं, त्यांनीं या यंत्राच्या अडगळींत एकदां डोकावून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

सॅटर्न जपानांत २२ नोव्हेंबर १९९४ रोजीं विक्रीस आलें. सोनीचें प्लेस्टेशन त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, ३ डिसेंबरला. जपानांत सॅटर्नचा प्रारंभ दिमाखाचा झाला, कारण नाणें टाकून खेळण्याच्या दुकानांतून गाजलेला सेगाचा ‘व्हर्चुआ फायटर’ त्या यंत्रामुळें घरांत आला. घात झाला तो अमेरिकेंत. तेथें यंत्र २ सप्टेंबर १९९५ रोजीं निघणार, असें जाहीर झालेलें होतें. परंतु ११ मे रोजीं लॉस एंजेलिस येथें भरलेल्या ई-थ्री या प्रदर्शनांत सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनीं, यंत्र आजपासूनच दुकानांत मिळेल व त्याची किंमत ३९९ डॉलर आहे, असें सांगून सर्वांस चकित केलें. प्रतिस्पर्ध्यावर चार महिन्यांची आघाडी घेण्याचा हा डाव होता. पण माल दिला गेला होता तो मोजक्या चार दुकानदार कंपन्यांनाच. ज्यांना वगळलें ते चिडले, आणि केबी टॉईज या खेळण्यांच्या मोठ्या व्यापाऱ्यानें तर पुढें सॅटर्न दुकानांत ठेवण्याचेंच नाकारलें. ज्या बाहेरच्या कंपन्या या यंत्रासाठीं खेळ रचीत होत्या, त्याहि सप्टेंबरचा हिशेब धरून बसलेल्या. त्यामुळें यंत्र आलें, पण त्यावर खेळावयाचें काय, हा प्रश्न उन्हाळाभर राहिला. त्याच प्रदर्शनांत सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, २९९ एवढा आंकडा उच्चारला आणि खालीं उतरले. इतकें थोडकें भाषण करून एवढें मोठें काम क्वचितच कोणीं साधलें असेल. शेवटीं प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर खपलें. सॅटर्नची मजल जगभर मिळून सुमारें ९२ लाखांवर थांबली.

त्यांत भर पडली यंत्राच्या घडणीची. सॅटर्नमध्यें हिताची कंपनीचे एसएच-२ जातीचे दोन प्रोसेसर होते. दोन बैल जुंपले म्हणजे गाडी दुप्पट ओढली जाईल, हा हिशेब कागदावर सरळ आहे. पण या दोन बैलांना गव्हाण एकच होती. एकाचें तोंड गव्हाणींत असलें, कीं दुसऱ्यानें ताटकळावें, अशी त्यांच्या सामाइक स्मृतीची व्यवस्था होती. त्रिमितीय आकृती उभारण्यासाठीं इतर यंत्रें त्रिकोणांचे तुकडे जोडीत. सॅटर्न चौकोन वापरी, आणि म्हणून इतरांसाठीं केलेलें काम त्यावर आणतांना नव्यानें करावें लागे. धूर, पाणी, सांवली अशा अर्धपारदर्शक वस्तू दाखविणेंहि त्याला जड जाई. मग कारागीर एकाआड एक ठिपके रिकामे सोडून चाळणीसारखी जाळी काढीत. त्या काळच्या फुगीर कांचेच्या टेलिव्हिजनवर ती जाळी विरघळून खरोखरच धुरकट दिसे. आजच्या सपाट पडद्यावर ती चाळणी म्हणूनच दिसते. जुने खेळ ओबडधोबड दिसतात असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं ते ज्या कांचेसाठीं रंगविले होते ती कांचच आतां समोर नसते.

असल्या यंत्रावर हात बसावयास वर्षें लागलीं, आणि हात बसला तेव्हां दुकान मिटावयाची तयारी चालली होती. सेगाच्या अमेरिकन शाखेचे पुढचे प्रमुख बर्नी स्टोलर यांनीं १९९७ सालींच, सॅटर्न हें आपलें भवितव्य नव्हे, असें उघड सांगून टाकलें. याचा परिणाम असा झाला, कीं सॅटर्नचे कांहीं उत्कृष्ट खेळ अमेरिकेंत व युरोपांत १९९८ सालीं पोंचले, तेव्हां त्यांना घेणारें गिऱ्हाईक निघून गेलें होतें. त्यांची उपेक्षा गुणांच्या अभावामुळें झाली नाहीं, उशिरामुळें झाली. आणि तो उशीर त्या रचनाकारांचा नव्हता.

यांतून सुटलेले खेळहि आहेत. ट्रेझर या मंडळीचा ‘गार्डियन हीरोज’ १९९६ सालचा. गर्दींत घुसून हाणामारी करण्याचा हा खेळ असला, तरी प्रत्येक प्रसंगानंतर कोणत्या वाटेनें जावयाचें हें खेळणारा ठरवितो, आणि त्याप्रमाणें कथानक फांटे फोडीत निरनिराळ्या शेवटांना जातें. सपाट चित्रें हलविण्यांत सॅटर्नचा हात कोणी धरीत नसे, तें येथें दिसतें. हा खेळ २०११ सालीं दुसऱ्या यंत्रावर पुन्हां निघाला, म्हणून त्याची चिंता आम्ही करीत नाहीं. ‘ड्रॅगन फोर्स’ हाहि तसाच एक: आठ राजांपैकीं एक निवडावा, किल्ले घ्यावेत, सरदार फोडावेत, आणि लढाई जुंपली कीं दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर शिपाई एकाच पडद्यावर भिडतांना पाहावेत. शिपाई नखाएवढे, परंतु धावा मात्र खरा वाटतो.

‘बर्निंग रेंजर्स’ हा १९९८ सालचा खेळ याहून वेगळ्या जातीचा आहे. सॉनिक टीमनें तो रचला. यांतील वीर कोणास ठार मारावयास निघत नाहीं. तो आगीचा बंब विझविणारांपैकीं आहे, आणि जळत्या इमारतींत अडकलेल्या माणसांना बाहेर काढणें हें त्याचें काम. हातांत नकाशा नसतो. कानांत एका सहकारिणीचा आवाज असतो. कळ दाबून विचारलें, कीं डावीकडे वळावें कीं वर जावें, हें ती सांगते. धुराच्या घरांत दृष्टीपेक्षां आवाजावर विश्वास टाकावयास लावणारी ही योजना फार समर्पक आहे. आग विझविली, कीं स्फटिक मिळतात. ते जवळ असतील तर ज्वाळेचा चटका सोसतां येतो. पण सांपडलेल्या माणसाला सुरक्षित बाहेर पाठविण्यासहि तेच खर्चावे लागतात. म्हणजे प्रत्येक सुटकेच्या वेळीं आपलें संरक्षण कमी होतें, आणि तें न सांगतां समजतें. वांचलेलीं माणसें पुढें आभाराचीं पत्रें पाठवितात. खेळ लहान आहे, अवघ्या चार मोहिमांचा. आणि दृश्य दाखविणारा कॅमेरा ऐन वेळीं भिंतीकडे तोंड करतो, हा दोष झांकण्यासारखा नाहीं. तरी माणसें वांचविण्यांतून धैर्याचा अनुभव देणारा असा खेळ त्या काळांत दुर्मिळच होता.

‘पँझर ड्रॅगून सागा’ हा चार तबकड्यांचा खेळहि त्याच वर्षाचा. युकिओ फुतात्सुगी यांच्या दिग्दर्शनाखालीं टीम अँड्रोमेडा या सेगाच्या पथकानें तो केला, आणि त्यानंतर तें पथक मोडलें. एका उत्खननावर पहारा करणारा एज नांवाचा भाडोत्री शिपाई, जमिनींत भिंतीला जखडलेली सांपडलेली मुलगी, आणि त्याला आकाशांत वाहून नेणारा ड्रॅगन, एवढी कथेची सामग्री. या खेळाच्या मालिकेसाठीं ग्रीक, लॅटिन व रशियन यांच्या मिश्रणांतून एक बनावट भाषा बनविलेली आहे, इतका त्या जगाचा विचार खोल केलेला. लढाईंत शत्रूभोंवतीं घिरट्या घालून त्याची कमकुवत बाजू शोधावयाची; परंतु जेथून घाव घालणें सोपें, तेथेंच घाव खाणेंहि बहुधा सोपें. वीसएक तासांत हा खेळ संपतो आणि जाणत्याला तो सोपाहि वाटेल. पण तो पाल्हाळ लावीत नाहीं, हा आमच्या मतें त्याचा गुणच आहे. इंग्रजी आवृत्तीच्या प्रती थोड्या निघाल्या. आतां जुन्या बाजारांत एका प्रतीला शेंकडों डॉलर पडतात. त्याच मालिकेंतल्या पहिल्या खेळाला २०२० सालीं नवा अवतार मिळाला. या श्रेष्ठ भागाच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं, कारण त्याची मूळ आज्ञावलीच गहाळ झाल्याचें प्रसिद्ध आहे. हस्तलिखित हरवावें आणि छापील प्रत एखाद्याच कपाटांत उरावी, तशी ही अवस्था आहे.

सर्वांत मोठी हानि मात्र ‘शायनिंग फोर्स ३’ ची झाली. कॅमेलॉट या संस्थेनें रचलेला हा चौरसांच्या पटावर आळीपाळीनें सोंगट्या हलविण्याचा युद्धखेळ. डेस्टोनियाचें साम्राज्य आणि त्यांतून फुटून निघालेलें ॲस्पिनियाचें प्रजासत्ताक यांच्या युद्धाची ही कथा तीन भागांत सांगितली आहे. पहिल्या भागाचा नायक सिनबिऑस प्रजासत्ताकाचा; दुसऱ्याचा मेडिऑन हा साम्राज्याचा राजपुत्र; तिसरा ज्युलियन दोन्ही दरबारांच्या बाहेरचा. युद्ध एकच, काळहि बहुतांशीं तोच. पहिल्या भागांत ज्यांच्यावर आपण तलवार चालविली, त्यांच्याच छावणींत दुसऱ्या भागांत आपलें बिऱ्हाड असतें. त्यांनाहि आपल्यासारख्याच अडचणी होत्या आणि उभयतांस झुंजविणारा तिसराच कोणी होता, हें तेथें कळतें. शिवाय पहिल्या भागांत केलेल्या निवडींची नोंद यंत्रांत राहते आणि तिचे परिणाम पुढच्या भागांत दिसतात. एका ठिकाणीं दाखविलेली दया दुसरीकडे दुसऱ्याच्या उपयोगीं पडते. इतिहास वाचणारास एकाच बखरीवर विसंबूं नको असें आपण नेहमी सांगतों. येथें तें सांगणें नाहीं, तीन बखरी हातांत ठेवलेल्या आहेत.

जपानांत पहिला भाग १९९७ च्या डिसेंबरांत आणि उरलेले दोन १९९८ सालीं निघाले. इंग्रजींत मात्र पहिलाच भाग आला, आणि सेगानें तेथें हात आंखडला. म्हणजे ज्या कथेचा सारा अर्थ दोन्ही पक्ष ऐकण्यांत, तिची एकच बाजू इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढें राहिली. साम्राज्य म्हणजे शत्रु, एवढेंच घेऊन तो खेळणारा उठला असेल तर त्याला बोल लावतां येत नाहीं. पुढें कंपनीनें न केलेलें भाषांतराचें काम हौशी मंडळींनीं कसलाहि मोबदला न घेतां, वर्षानुवर्षें खपून, आपापसांत वांटून पुरें केलें. त्यांच्यामुळें मेडिऑनची बाजू आज इंग्रजींत वाचावयास मिळते.

हे खेळ आतां दोन मार्गांनीं खेळतां येतात. संगणकावर सॅटर्नचें सोंग घेणारी आज्ञावली, जिला एम्युलेटर म्हणतात, ती मिळते. परंतु दोन प्रोसेसरांच्या त्या विचित्र संसाराची हुबेहूब नक्कल करावयास तिच्या कर्त्यांनाहि फार काळ झगडावें लागलें. दुसरा मार्ग जुन्या यंत्राचा. तें कोणास मिळालें, तर तबकडी घालण्यापूर्वीं मागील बाजूचें लहान झांकण उघडावें. आंत रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, आणि खेळांच्या नोंदी तिच्या जोरावर टिकतात. ती संपली, कीं यंत्र बंद करतांच सिनबिऑसच्या साऱ्या निवडी पुसल्या जातात आणि मेडिऑनपर्यंत त्यांतलें कांहीं पोंचत नाहीं. बॅटरी साधी, मनगटी घड्याळवाल्याकडेहि मिळणारी आहे. ती मेलेली आहे कीं जिवंत, हें ओळखणेंहि सोपें: मेलेली असेल, तर सॅटर्न प्रत्येक वेळीं सुरू होतांच आज तारीख कोणती आणि वाजले किती, हें आपणांसच विचारतें.